अंगणावर लोखंडी शेड करायची आहे, पाया किती खोल घ्यावा आणि गंज कसा टाळावा?

तुमचं अंगण १२ बाय १० फुटांचं, घर गोराईत, म्हणजे वारा खारा. फॅब्रिकेटर म्हणतोय, 'पाइप फूटभर गाडतो, वर काँक्रीट ओततो', आणि तुम्हाला दरवर्षी रंगाचा डबा उघडायचा नाहीये. मी याच धंद्यात आहे. पाइप गाडू देऊ नका.

मुंबईत शेड सडते ती खांबाच्या बुडाशी. पाइप आणि काँक्रीटच्या मधे केसाएवढी फट पडते, तिथे पाणी मुरतं. वरचा रंग चकचकीत असतो, पण जमिनीपासून चार बोटं वर नख लावलंत की पापुद्रे हातात येतात. म्हणून पायाचा चौथरा फरशीच्या सहा इंच वर काढा, माथ्याला बाहेरच्या बाजूने किंचित उतार द्या. त्यावर दहा मिलिमीटर जाडीची बेस प्लेट, म्हणजे खांबाखालची लोखंडी पाटी, ती धरायला चार जे-बोल्ट, म्हणजे काँक्रीटमधे रुतणारे, खालून J सारखे वाकवलेले बोल्ट, आणि मग खांब. काँक्रीट ओततानाच बोल्ट लाकडी फळीला भोकं पाडून त्यात धरून ठेवा, नाहीतर प्लेट बसवताना हातोडा आणि शिव्या दोन्ही चालतात.

खोलीचं म्हणाल तर प्रश्न वजन पेलण्याचा नाहीच. पत्रा आणि सांगाडा मिळून दीडदोनशे किलो, ते कुठेही उभं राहील. भीती वाऱ्याने उचलण्याची. मुंबईसाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय. त्या हिशेबाने तुमच्या छपराला खालून हजार-तेराशे किलोचा जोर लागू शकतो. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात इथे ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे झोत होते, ते विसरू नका. दीड बाय दीड फूट आणि अडीच फूट खोल पाया घेतला, तर एकेक साधारण ३८० किलोचा होतो. चार मिळून दीड टन. भरावाची जमीन लागली तर आणखी खाली जा. माल एकास दीडास तीन, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी, आणि गोणपाट टाकून निदान आठवडाभर पाणी मारा. खणण्याआधी पाइपगॅस आणि ड्रेनेजची लाइन कुठून जाते ते बघून घ्या.

खांब तीन इंची चौकोनी जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या, पाइपचे घ्या, जाडी तीन मिलिमीटर. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं, तिथे ब्रशने घासून झिंकचा प्रायमर दोन हात. पाइपची उघडी तोंडं बंद करा. छपराला अर्धा मिलिमीटरचा रंगीत गॅल्व्हॅल्यूम (ॲल्युमिनियम-जस्ताचा थर दिलेला) पत्रा, फुटाला इंचभर उतार, रबरी वॉशरचे स्क्रू. आणि स्क्रू मारून झाल्यावर पत्र्यावरचा लोखंडाचा चुरा त्याच संध्याकाळी झाडून काढा. राहिला तर पहिल्या सरीनंतर तांबडे ठिपके पडतात, आणि लोक पत्र्याला दोष देतात. भिंतीच्या सांध्यात ओलं सिमेंट पत्र्याला लागू देऊ नका, ते त्याचा थर खातं.

परवानगीचं म्हणाल तर पालिकेकडून पावसाळी शेडला मिळते ती तात्पुरतीच असते. तुमची कायमची, काँक्रीटच्या पायावरची, तेव्हा खड्डा मारण्याआधी वॉर्ड ऑफिसात विचारा.

घराच्या बाजूला खांब येणार आहेत की भिंतीला टेकू घ्यायचाय? भिंत नुसती विटांची असेल तर चारही खांब स्वतंत्र ठेवा.