नोकरी, मुक्तस्रोत आणि रात्रीचे बारा

प्रश्न : मी खानापूरचा असून बेळगावातील एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आहे. वडिलांना कन्नड बोलता येते, वाचता येत नाही; जमिनीचा उतारा त्यांना स्वतः वाचता यावा म्हणून कन्नड मजकूर देवनागरीत दाखवणारा प्रोग्रॅम मी लिहिला आणि एमआयटी परवान्याखाली, म्हणजे कोणीही वापरावा व बदलावा अशा मुभेने, मुक्तस्रोत म्हणून खुला केला. आता अनोळखी लोक चुका कळवतात, नव्या सोयी मागतात. त्यांना उत्तरे देता देता रात्रीचे बारा वाजतात आणि दुसऱ्या दिवशी कामात लक्ष लागत नाही. दोन्ही कसे सांभाळावे?
– एक वाचक

उत्तर : वेळापत्रक आखण्याआधी आपले नेमणूकपत्र काढून वाचा. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो, आणि कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला हक्क नोकरी देणाऱ्याकडे जातो. घरी, स्वतःच्या संगणकावर, कंपनीच्या कामाशी संबंध नसलेले लिखाण सहसा त्यात येत नाही. मात्र काही करारांतील अटी कायद्याच्याही पुढे जातात. तशी अट असेल, किंवा कंपनीचा लॅपटॉप एकदा जरी वापरला असेल, तर लेखी परवानगी घ्या. कारण जो हक्क आपला नाही, त्याचा परवाना आपल्याला इतरांना देता येत नाही.

आता अनोळखी लोकांविषयी. एमआयटी परवान्यातच म्हटले आहे की प्रोग्रॅम ‘जसा आहे तसा’ दिला असून त्याची कोणतीही हमी नाही. आपण उत्तर देता तो आपला चांगुलपणा आहे, आणि तो रविवार सकाळपुरता ठेवला तरी कोणाचे देणे बुडत नाही. प्रकल्पाच्या माहितीपानावर तसे स्पष्ट लिहा.

माझ्या मते वेळ खाते ती पुन्हा पुन्हा येणारी तीच विचारणा. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, कन्नड आणि देवनागरी अक्षरे समांतर मांडलेली असल्यामुळे बहुतेक अक्षरांच्या क्रमांकांत नेमका ८९६ चा फरक असतो, आणि निम्मे काम वजाबाकीनेच होते. कन्नडमधील ऱ्हस्व ‘ए’ आणि ‘ओ’ मात्र त्या हिशोबाने मराठी वाचकाला अनोळखी अशा चिन्हांत उतरतात. ती चिन्हे ठेवावीत की नेहमीचे ‘ए’, ‘ओ’ लिहावेत, यावर आपल्याकडे तक्रारी येतच असतील. (मी नेहमीचेच ठेवले असते, उतारा वाचणाऱ्याला उच्चार ठाऊकच असतो.) निर्णय एकदाच, कारणासह लिहून ठेवा आणि पुढच्या प्रत्येकाला तो परिच्छेद दाखवा.

थकव्याच्या भरात मदतीला आलेल्या पहिल्या माणसाच्या हाती नवी आवृत्ती काढण्याचे अधिकार देऊ नका. एक्सझेड या फाइली आकाराने लहान करणाऱ्या प्रोग्रॅमच्या मुक्तस्रोत प्रकल्पात एकाने दीर्घकाळ काम करून असाच विश्वास मिळवला आणि २०२४ मध्ये प्रोग्रॅममध्ये चोरवाट दडवल्याचे उघड झाले. अगदीच झेपेनासे झाले तर प्रकल्प केवळ वाचनासाठी ठेवून बदल स्वीकारणे थांबवा. ज्याला गरज असेल तो प्रत घेऊन पुढे काम करू शकेल, कारण परवान्याने ती मुभा आपण आधीच दिली आहे.