वाचकांचे प्रश्न : बोर्डावरच्या ईएमएमसीचा बॅकअप

प्रश्न : भोसरीत आमचे उष्णतोपचाराचे छोटे युनिट आहे. भट्टीच्या तापमानाची नोंद ठेवण्यासाठी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचे कॉम्प्युट मॉड्यूल ४ मूळ आयओ बोर्डावर बसवलेले आहे. त्यात ८ जीबीची ईएमएमसी, म्हणजे मॉड्यूलवरच पक्की बसवलेली साठवणीची चिप आहे. ज्या मुलाने ही यंत्रणा उभी करून दिली तो आता नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो. साध्या पायचे कार्ड काढून संगणकात घालता येते, इथे मात्र काढण्यासारखे काहीच नाही. म्हणून चालू मशिनवरच्या सगळ्या फायली पेनड्राइव्हवर उतरवून ठेवल्या आहेत. उद्या मॉड्यूल बिघडले तर एवढे पुरेल का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : आपण फायली उतरवून ठेवल्यात हे चांगलेच केलेत, कारण तापमानाच्या नोंदी तरी हाताशी राहिल्या. पण तेवढ्यावरून नवे मॉड्यूल सुरू होणार नाही. ईएमएमसीवर सुरुवातीला विभाजनाचा तक्ता असतो, त्यानंतर बूटसाठी लागणारे छोटे फॅट विभाजन आणि मग मुख्य प्रणालीचे एक्स्ट४ विभाजन असते. हा सांगाडा फायली कॉपी करताना येत नाही. शिवाय पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ पद्धतीचा असतो आणि त्यावर लिनक्सच्या फायलींची मालकी, परवानग्या आणि सांकेतिक दुवे टिकत नाहीत. त्यामुळे आपल्याला संपूर्ण ईएमएमसीची, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंतची इमेज, म्हणजे एकाच फायलीत उतरवलेली हुबेहूब प्रत हवी.

ही इमेज चालू प्रणालीवरून घेऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. अकरा वाजता सुरू केलेले वाचन सव्वाअकराला संपले, तर इमेजचा सुरुवातीचा भाग अकराचा आणि शेवटचा सव्वाअकराचा असतो, आणि मधल्या वेळात नोंदींचा डेटाबेस बदलत राहिलेला असतो. अशी इमेज कधी चालते, कधी चालत नाही, आणि चालत नाही हे नेमके गरजेच्या दिवशी कळते. म्हणून साप्ताहिक सुटीच्या दिवशी, भट्टी बंद असताना, प्रणाली रीतसर शटडाउन करून हे काम करावे.

वीज काढल्यावर बोर्डावर ‘जे २’ ही पिनांची रांग शोधा. त्यातल्या ‘डिसेबल ईएमएमसी बूट’ असे छापलेल्या दोन पिनांवर जम्परची टोपी बसवा. (टोपी हरवली असेल तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सहज मिळते.) मग बोर्डाचे मायक्रो यूएसबी पोर्ट केबलने लॅपटॉपला जोडा, लॅपटॉपवर ‘आरपीआयबूट’ हा प्रोग्रॅम सुरू करा आणि बोर्डाला त्याच्या नेहमीच्या अडॅप्टरने वीज द्या. थोड्याच वेळात ईएमएमसी लॅपटॉपला एखाद्या पेनड्राइव्हसारखी दिसू लागते. केबल फक्त चार्जिंगची असेल तर काहीच दिसत नाही, तेव्हा आधी केबल बदलून पाहावी. बोर्डावर कार्डाची खाच आहे म्हणून कार्डावरून बूट करण्याचा प्रयत्न अनेक जण करतात. पण ईएमएमसी असलेल्या मॉड्यूलमध्ये ती खाच चालतच नाही, त्यामुळे त्यात वेळ घालवू नये.

लॅपटॉप विंडोजचा असेल तर इथे एक धोका आहे. विंडोजला एक्स्ट४ विभाजन वाचता येत नाही, त्यामुळे ‘डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची का?’ अशी चौकट पडद्यावर येते. तिथे ‘कॅन्सल’च दाबा. घाईत उलटे बटण दाबले, तर ज्याचा बॅकअप घ्यायला बसलो तेच पुसले जाईल. विंडोजवर इमेज वाचून घेण्यासाठी विन३२ डिस्क इमेजर वापरता येतो. बलेनाएचर मात्र इमेज लिहिण्याचे साधन आहे, ते ईएमएमसी वाचून इमेज बनवून देत नाही.

लिनक्सवर जोडण्यापूर्वी आणि जोडल्यानंतर ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा चालवावी, म्हणजे यादीत नव्याने आलेले नाव आणि साधारण सव्वासात जीबीचा आकार पाहून आपले उपकरण ओळखता येते. डेस्कटॉपने विभाजने आपोआप माउंट केली (वापरासाठी उघडली) असतील तर ती आधी अनमाउंट करावीत. मग ‘डीडी’ ही जशीच्या तशी प्रत काढणारी आज्ञा. तिच्यात ‘आयएफ’ म्हणजे कुठून वाचायचे आणि ‘ओएफ’ म्हणजे कुठे लिहायचे. ही दोन नावे उलटी पडली आणि मागच्या वर्षीची इमेज त्याच नावाने तिथे पडलेली असली, तर डीडी एका शब्दाने न विचारता ती जुनी इमेज आपल्या मॉड्यूलवर लिहून टाकते. मी आजही एंटर दाबण्यापूर्वी हात बाजूला घेतो आणि दोन्ही नावे मोठ्याने वाचतो. इमेज फॅट३२ डिस्कवर ठेवू नका. तिथे एका फायलीला ४ जीबीची मर्यादा असते, त्यामुळे ८ जीबीची इमेज अर्ध्यावरच थांबते. एक्सफॅट किंवा एक्स्ट४ डिस्क घ्यावी. शेवटी ईएमएमसी आणि इमेज या दोन्हींचा ‘एसएचए२५६’ बेरीजअंक (मजकुरावरून निघणारी ओळखखूण) काढून तो अक्षर न् अक्षर जुळतो का ते पाहावे.

रिस्टोअर करतानाही हीच जोडणी लागते, फक्त दिशा उलटी होते. लिहून झाल्यावर ‘सिंक’ ही आज्ञा देऊन मगच केबल काढावी, वीज बंद करून जम्पर उतरवावा आणि मग बोर्ड सुरू करावा. नवे मॉड्यूल १६ जीबीचे असेल तर इमेज बसते आणि उरलेली जागा नंतर ‘रास्पी-कॉन्फिग’मधून वाढवून घेता येते. ईएमएमसी थोडीशी जरी लहान निघाली तरी इमेज पूर्ण मावणार नाही. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. या मॉड्यूलचा बूटलोडर ईएमएमसीत नसून वेगळ्या ईईप्रॉम चिपमध्ये असतो, त्यामुळे त्यातला बूटक्रम कोणी बदललेला असेल तर तो इमेजमध्ये येत नाही, त्याची नोंद कागदावर करून ठेवावी लागते. शक्य असेल तर एक जादा मॉड्यूल घेऊन त्यावर ही इमेज आत्ताच चालवून पाहा आणि भट्टीचे तापमान खरोखर नोंदले जाते का ते दिवसभर तपासा. ते मॉड्यूल तसेच कपाटात ठेवले तर बिघाडाच्या दिवशी आपले काम थांबणार नाही.

प्रश्न : शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आमच्याकडे बीगलबोन ब्लॅक या छोट्या संगणकाचे पाच बोर्ड आहेत. एकावरची तयार प्रणाली बाकीच्या चारांवर कशी न्यावी?
– एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : तुमचे काम त्या मानाने सोपे आहे, कारण या बोर्डात ईएमएमसी असूनही कार्डावरून बूट करता येते. दुसरी प्रणाली असलेले मोठे कार्ड घाला, कार्डाच्या खाचेजवळचे ‘एस२’ बटण दाबून धरा आणि मगच वीज द्या. बोर्ड सुरू असताना बटण दाबून उपयोग होत नाही. त्यानंतर ईएमएमसी वापरात नसते, म्हणून तिची इमेज निर्धास्तपणे कार्डावर घेता येते. उपकरणांचे क्रमांक कर्नलप्रमाणे (लिनक्सच्या गाभ्याप्रमाणे) बदलू शकतात, तेव्हा क्रमांकावर विसंबू नका. ज्या नावापुढे ‘बूट०’ आणि ‘बूट१’ अशी जोडनावे दिसतात ती ईएमएमसी. हेच कार्ड मग एकेका बोर्डात घालून इमेज लिहावी.

चारही बोर्ड सुरू झाल्यावर काम संपले असे समजू नका. पाचही बोर्डांचे होस्टनेम (नेटवर्कवरचे नाव), मशीन-आयडी आणि दुरून लॉगिन करण्याच्या एसएसएचच्या यजमान-किल्ल्या तंतोतंत सारख्या असतील, आणि प्रयोगशाळेच्या एकाच नेटवर्कवर ते आले की कोणता बोर्ड कोणता हे कळेनासे होईल. प्रत्येक बोर्डाला वेगळे नाव द्या, जुन्या किल्ल्या काढून नव्या तयार करा, आणि त्या नावाची चिठ्ठी बोर्डावर चिकटवा.

प्रश्न : अशी इमेज किती दिवसांनी घ्यावी?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : दिवस मोजून नव्हे, तर प्रणालीत बदल केला की घ्यावी, मोठे अपडेट करायचे असेल तर त्याच्या आधी एक आणि सगळे नीट चालते आहे हे पाहून नंतर एक. रोज वाढणाऱ्या नोंदींसाठी दर वेळी बोर्ड बंद करण्याची गरज नाही. त्या ‘आरसिंक’ या फक्त बदललेल्या फायली पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने रात्री दुसऱ्या संगणकावर जाऊ द्याव्यात. इमेजच्या नावात तारीख आणि बोर्डाचे नाव दोन्ही घालावे, आणि नवी इमेज दुसऱ्या बोर्डावर सुरू झालेली पाहिल्याशिवाय जुनी पुसू नये.