फळांच्या सालींपासून नॅनो झिंक: शेतकऱ्यांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न: डाळिंबाच्या साली लोखंडी कढईत उकळल्या, त्यात झिंक सल्फेट टाकले. पाणी काळेभोर झाले. नॅनो झिंक, म्हणजे झिंक ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण, तयार झाले असे धरून फवारणी करू का?

फवारू नका. डाळिंबाच्या सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते आणि टॅनिनचा लोखंडाशी संबंध आला की पाणी काळे पडते. झिंकचा त्यात काही हात नाही. झिंक ऑक्साइड पांढरे असते. तुमच्या कढईत झिंक सल्फेटचेच पाणी आहे, फक्त टॅनिन आणि लोखंड मिसळलेले. झिंक सल्फेट फुटून त्याचे ऑक्साइड व्हायला ६०० अंश सेल्सिअसच्याही बऱ्याच वर तापमान लागते. नुसत्या उकळण्याने ते होत नाही.

प्रयोगशाळेत झिंक नायट्रेट किंवा झिंक ॲसिटेट घेतात, कारण ते कमी तापमानाला फुटते. साली धुऊन, वाळवून, दळून शुद्ध पाण्यात ६० ते ८० अंशांवर तापवतात आणि अर्क गाळून घेतात. अर्कात हा झिंकचा क्षार मिसळून लगदा होईपर्यंत ढवळत आटवतात. मग तो लगदा विजेच्या भट्टीत ४०० ते ५०० अंशांवर दोनेक तास भाजतात. हे चुलीवर करून पाहायचा मोह मात्र टाळा. नायट्रेट आणि सालीचा सेंद्रिय लगदा एकत्र तापला की भडकू शकतो, आणि त्यातून निघणारा तपकिरी धूर नायट्रोजनच्या ऑक्साइडचा, म्हणजे फुप्फुसाला घातक असतो.

सालीचा अर्क यात नेमके काय करतो, याबद्दलही गैरसमज आहेत. चांदीचे नॅनो कण करताना सालीतील पॉलिफेनॉल (टॅनिनसारखी द्रव्ये) चांदीच्या आयनांना, म्हणजे विद्युतभारित कणांना, इलेक्ट्रॉन देतात आणि त्यातून धातूचे कण तयार होतात. झिंक ऑक्साइडमध्ये तसे घडत नाही, कारण झिंकची विद्युतभाराची स्थिती क्षारात जी असते तीच ऑक्साइडमध्येही राहते. इथे अर्कातील आम्ले आणि फेनॉल झिंकला धरून ठेवतात, त्यामुळे कण एकमेकांना चिकटून मोठे होत नाहीत. पुढे भट्टीत हे सेंद्रिय आवरण बहुतांश जळून जाते. म्हणून ‘सालीचे औषधी गुण पावडरमध्ये उतरले आहेत’ असे कोणी सांगू लागला की मी आधी त्याच्या भट्टीचे तापमान विचारतो.

पावडर हाती आली तरी ती नॅनो आहे की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. कण १ ते १०० नॅनोमीटरचे हवेत. त्यासाठी क्ष-किरण विवर्तन आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची तपासणी लागते. शिवाय फळाची जात, पक्वता आणि हंगाम बदलला की अर्क बदलतो, आणि कणांचा आकारही.

प्रश्न: पण सालीपासून केलेले म्हणजे निर्धोकच ना?

नाही. सालीमुळे कण तयार करताना लागणारी काही घातक रसायने वाचतात, एवढाच त्याचा फायदा. तयार होतो तो धातूचा ऑक्साइडच. झिंक ऑक्साइड पाण्यातील जिवांना विषारी असते, म्हणून पंप ओढ्यात किंवा तळ्यात धुऊ नका. कोरडी पावडर हुंगू नका, उडवू नका. प्रमाण जास्त झाले तर पिकाची मुळेही खुंटतात.

प्रश्न: मग झिंकची कमतरता कशी भरून काढायची?

आधी माती तपासून घ्या. डीटीपीए पद्धतीने (या रसायनाने मातीतले झिंक काढून मोजतात) उपलब्ध झिंक साधारण ०.६ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ०.६ भाग) कमी आले तर कमतरता समजावी. चुनखडीच्या, जास्त सामूच्या (pH) आणि स्फुरद भरमसाट दिलेल्या जमिनीत ती हमखास दिसते: पाने लहान, शेंड्याकडची पेरे आखूड, शिरांमधला भाग फिकट. उभ्या पिकावर लिटरला ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि २.५ ग्रॅम विरलेला चुना, निवळी गाळून, अशी फवारणी करता येते. चुना घातला नाही तर पाने करपण्याची भीती असते. याच टाकीत स्फुरदयुक्त खत मिसळू नका, साका बसतो. तयार नॅनो उत्पादन वापरायचेच असेल तर नोंदणीकृत घ्या आणि लेबलवरचे पीक व मात्रा पाळा.

प्रश्न: सालींचा ढीग पडला आहे, त्याचे काय करू?

बागेत तर मुळीच ठेवू नका, फळमाशी त्यातच वाढते. कंपोस्ट करा. लिंबूवर्गीय सालींमधले लिमोनीन हे सुगंधी तेलद्रव्य जिवाणूंना आवडत नाही, त्यामुळे त्या एकट्या न टाकता बारीक करून शेण आणि कोरड्या काडीकचऱ्यात थोड्या थोड्या मिसळा; ओलावा ५० ते ६० टक्के ठेवा. केळीच्या सालीतून पालाश चांगला मिळतो. संशोधन संस्थेने किंवा कारखान्याने साली मागितल्या तर त्या जातीनुसार वेगळ्या ठेवा, बुरशी धरण्याआधी वाळवा आणि त्या बागेत कोणती फवारणी कधी झाली ते लिहून द्या. तांबेयुक्त बुरशीनाशकाचा अंश सालीवर राहिला तर तेच तांबे अर्कात येते.