सब जोडला की घरघर: अँप दुरुस्तीला पाठवण्याआधी

तुम्ही लिहिलेली लक्षणं वाचली आणि जुनं दुखणं आठवलं. छोटा अँप (अँप्लिफायर), त्याच्या ‘सब आउट’ला सबवूफर (फक्त खालचे स्वर वाजवणारा वेगळा स्पीकर, थोडक्यात सब), यूएसबीने लॅपटॉप. सबची केबल खोचली की गाणं बंद असतानाही अखंड घरघर, आणि अँपचा व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी ती तेवढीच. वर कुणीतरी सांगितलंय की सबच्या प्लगची अर्थची पिन काढून टाका.

पिन काढू नका, एवढं आधी. घरघर कदाचित थांबेलही, म्हणूनच हा सल्ला इतका पसरतो. पण तुमच्या अँपचा अ‍ॅडॅप्टर दोन पिनी असेल, तर त्याला स्वतःचं अर्थिंग नाहीच. सबमध्ये मात्र थेट मेन्सवर चालणारा पॉवर सप्लाय असतो. आत काही बिघडून विजेचा स्पर्श त्याच्या धातूच्या पट्टीला झाला, तर तो आरसीए केबलच्या (अँपपासून सबपर्यंत जाणाऱ्या ऑडिओ केबलच्या) बाहेरच्या जाळीतून अँपच्या डब्यापर्यंत आणि तिथून लॅपटॉपपर्यंत येईल. ती पिन त्यासाठीच आहे.

घरघर येते कुठून? सबचा तीन पिनी प्लग आणि लॅपटॉपचा तीन पिनी चार्जर, दोन्ही अर्थला जोडलेले. मधे अँप, आणि दोघांना जोडणाऱ्या केबलच्या जाळ्या. वर्तुळ पूर्ण झालं. दोन ठिकाणच्या अर्थमध्ये किंचित फरक असतो, तेवढ्याने जाळीतून प्रवाह वाहतो आणि सब तो सिग्नल समजून वाजवतो. मेन्सची ५० हर्ट्‌झ (काही देशांत ६०) आणि तिच्या पटी म्हणजे सबचं आवडतं खाद्य. अँपच्या व्हॉल्यूमने हा आवाज बदलत नाही, सबच्या गेनने (सबवरच्या पातळीच्या बटणाने) बदलतो. कारण तो अँपच्या पुढच्या केबलमध्ये शिरलेला असतो.

तपासणी सोपी आहे. सबमधून आरसीए केबल काढा. तरीही घरघर असेल तर सब बघा. थांबली तर केबल परत लावा आणि लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आता थांबली, तर अँपही ठीक, सबही ठीक. टीव्ही जोडलेला असेल तर केबलवाल्याची कोअ‍ॅक्सिअल वायरही एकदा काढून बघा, तीसुद्धा अर्थ घेऊन येते.

एवढं मला सर्व्हिस सेंटरने सांगितलं असतं तर! (नाव लिहित नाही, कंपनीचंही.) अँप पाठवला, ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत. साहजिकच आहे, त्यांनी तो ब्लूटूथवर, दोन स्पीकर लावून वाजवला होता. सबही नाही, लॅपटॉपही नाही, म्हणजे वर्तुळच नाही. सब जोडून बघा म्हटलं, तर ‘तो आमचा प्रॉडक्ट नाही’. सबवाले म्हणाले, दोष अँपचाच. पुन्हा पाठवला, पुन्हा तोच शेरा. या फेऱ्यांत त्यांच्याच माणसाने डबा उघडला. पुढे व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरोखर खरखर यायला लागली, तेव्हा उत्तर मिळालं: सील तुटलंय, वॉरंटी नाही. सील त्यांनीच तोडलं, हे सिद्ध करायला माझ्याकडे कागद नव्हता. म्हणून पाठवायचाच झाला तर सीलचे फोटो काढा, घरघरीचा व्हिडिओ जोडा आणि तपासताना काय काय जोडलं होतं ते लेखी मागा. शेवटची मागणी ऐकूनच बरेचदा सूर बदलतो.

उपाय: अँपला ऑप्टिकल इनपुट असेल तर तो वापरा. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या धाग्यातून वीज जात नाही, विषय मिटला. नसेल तर सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. फरक पडतो, कधी पूर्ण, कधी अर्धा. ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची डबीही मिळते (ग्राउंड लूप म्हणजे वरचं अर्थचं वर्तुळच). आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, आणि स्वस्त डबीतला गाभा इतका लहान असतो की खालच्याच स्वरांवर तो दमतो. सबच्या वाटेत तो लावायचा म्हणजे ज्यासाठी सब आणला तेच कापायचं. लॅपटॉप आणि अँपच्या मधे यूएसबी आयसोलेटर (डेटा जाऊ देऊन विजेची थेट जोडणी तोडणारी डबी) टाकणं मला जास्त पटतं. मी इलेक्ट्रिशियन नाही. भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंगच संशयास्पद वाटलं तर जाणकाराकडून तपासून घ्या.

आणखी एक ‘जुगाड’ कुणी सुचवेलच: सब आउट सोडा, स्पीकरच्या टर्मिनलवरून सबला हाय लेव्हल वायर (म्हणजे स्पीकरला जाणारा मोठा सिग्नलच) द्या. या छोट्या क्लास डी (स्विचिंग पद्धतीच्या) अँपमध्ये स्पीकरची काळी बाजू बहुधा ग्राउंड नसते. लाल आणि काळी दोन्हींवर सिग्नल असतो. टीपीए३११६ सारख्या चिपवरचे अँप याच पद्धतीचे. सबच्या आत काळी वायर ग्राउंडला जोडलेली असेल तर अँप जळू शकतो. दोन्ही मॅन्युअल वाचल्याशिवाय हात लावू नका.

घरघर गेल्यावर दुसरी तक्रार येणार, बास फुगलेला. बऱ्याच स्वस्त अँपमध्ये सब आउट असतो, पण मुख्य स्पीकरचे खालचे स्वर कापलेले नसतात. म्हणजे तेच स्वर स्पीकरही वाजवतात आणि सबही. क्रॉसओव्हर (सबने कुठल्या स्वरापर्यंत वाजवायचं ती मर्यादा) ६० हर्ट्‌झच्या आसपास ठेवून सुरुवात करा, मग कानाने वर न्या. अँप स्वतःच सब आउट फिल्टर करत असेल, तर सबवरचं बटण पूर्ण वर ठेवा; दोन फिल्टर एकामागे एक नकोत. फेजचा स्विच (सबची लाट उलटी करणारा) दोन्हीकडे करून बघा, जिथे बास भरीव वाटेल तिथे सोडा. स्पीकरला मागे पोर्ट (हवेसाठीचं भोक) असेल आणि ते भिंतीला चिकटलेले असतील, तर पोर्टमध्ये पायमोजा गुंडाळून घाला. हसू नका, चालतं.

आणि बसायची जागा खोलीच्या बरोबर मध्यात असेल तर आधी खुर्ची हलवा. साधारण ४.३ मीटर लांबीच्या खोलीत ४० हर्ट्‌झची लाट नेमकी मध्यावर दबते. गेन कितीही वाढवा, तिथे काही येणार नाही. भिंतीजवळ मात्र भांडी वाजतील.

हळू आवाजात सब आपोआप झोपत असेल तर तो बिघाड नाही. सबला जाग येते ती येणाऱ्या सिग्नलवर, त्यामुळे सबचा गेन कमी करा आणि अँपमधली सबची पातळी वाढवा. तरीही झोपला, तर स्विच ‘ऑटो’वरून ‘ऑन’वर. चार्जर काढल्यावर घरघरीचं काय झालं तेवढं इथे लिहा, म्हणजे पुढचं बघता येईल.