केस राठ झाले: प्रथिने जास्त की ओलावा कमी?

प्रश्न: माझे केस मूळचे कुरळे, बारीक आणि कमरेपर्यंत लांब आहेत. दीड वर्षापूर्वी मी ते पार्लरमध्ये कायमचे सरळ करून घेतले होते. आता मुळाकडून पुन्हा कुरळे केस येत आहेत. खालचे केस सुधारावेत म्हणून तीन महिन्यांपासून दर रविवारी अंडे-दही आणि आठवड्यात मध्ये एकदा केराटिनचा मास्क लावते. तरीही केस काथ्यासारखे राठ झाले असून विंचरताना तुटतात. मैत्रीण म्हणते, प्रथिने जास्त झाली, आता फक्त ओलावा दे. घरी बोअरचे पाणी आहे. काय करावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: आपल्या मैत्रिणीचे निदान निम्मे बरोबर आहे. केस मुळात केराटिन या प्रथिनाचाच बनलेला असतो, परंतु टाळूबाहेर आलेला भाग निर्जीव असल्यामुळे त्याला वरून लावलेले प्रथिन अन्नासारखे पचत नाही. मास्कवर ‘हायड्रोलाइझ्ड’ असे छापलेले असते ते प्रथिनाचे तोडून लहान केलेले तुकडे होत. त्यांतील अगदी बारीक तुकडे खराब झालेल्या केसात थोडेफार शिरतात आणि उरलेले वरच पापुद्रा धरतात. त्या पापुद्र्याने विरलेल्या केसाला तात्पुरता ताठपणा येतो, पण थरावर थर चढत गेले की तोच राठपणा होऊन बसतो. अंड्यातील प्रथिनांचे रेणू तर केसात शिरण्याच्या मानाने फारच मोठे असतात, आणि केस मऊ लागतात ते बलकातील स्निग्धांशामुळे. ते अंडे ताटात घ्यावे, हे माझे प्रांजळ मत आहे.

‘ओलावा’ हा शब्दही फसवा आहे. केसातील पाणी हवेच्या दमटपणाप्रमाणे आपोआप कमी-जास्त होत असते, त्यामुळे रात्रभर कंडिशनर थापून ठेवल्याने ते साठून राहत नाही. खराब झालेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. कंडिशनरमधील धनभारित घटक त्याला चिकटतात, केसाच्या पृष्ठभागावरचे उठलेले खवले सपाट बसतात आणि केस एकमेकांवर घासताना अडकत नाहीत. टाळूचे तेल कुरळ्या केसाच्या वळणांवरून टोकापर्यंत सहजी उतरत नसल्यामुळे अशा केसांना या गुळगुळीतपणाची गरज अधिक असते.

आपल्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट मात्र बोअरच्या पाण्याची आहे, जी आपण जाता जाता लिहिली आहे. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार केसांवर बसतात, रसायनांनी खराब झालेल्या केसांवर अधिकच बसतात, आणि त्यांचा राठपणा हाताला प्रथिनांच्या थरासारखाच लागतो. म्हणून आधी क्षार काढणाऱ्या शाम्पूने एकदा केस धुवावेत आणि शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे घ्यावेत. तेवढ्यानेच केस बरेच मऊ झाले, तर सगळा दोष प्रथिनांच्या माथी मारण्याचे कारण नाही.

त्यानंतर महिनाभर अंडे आणि मास्क दोन्ही बंद ठेवून प्रत्येक धुण्यानंतर साधा कंडिशनर लावावा, आणि तो केसांत असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर गुंता सोडवावा. मग गळालेले चार-पाच ओले केस घेऊन हलकेच ताणून पाहावेत. थोडा ताणून पुन्हा आखडणारा केस ठीक आहे; न ताणता कट्कन तुटणाऱ्याला कंडिशनरच हवा; लिबलिबीत होऊन लांबतच जाणाऱ्याला मात्र प्रथिनाचा आधार द्यावा. ही चाचणी ढोबळ आहे, तरी डब्यावरच्या मजकुरापेक्षा बरी.

आपल्या डोक्यावर सध्या दोन जातींचे केस आहेत, हेही ध्यानात घ्यावे. केस महिन्याला साधारण 1 ते सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे दीड वर्षात सुमारे 20 सेंटीमीटर नवे केस आले. त्याखालचे सगळे रसायन सोसलेले. पुढे मास्क लावायचा झाला तर तो खालच्या भागालाच आणि महिना-दीड महिन्यातून एकदा लावावा. न्हाण्यापूर्वी मात्र खोबरेल तेल जरूर लावावे. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलांची तुलना केली असता केसातील प्रथिनांची झीज खोबरेलानेच लक्षणीय कमी झाली होती. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हे खरे. तरी हे तेल केसाच्या आत शिरते आणि पाण्याने होणारी फूग आवरते, हे कारण पटण्याजोगे आहे.

प्रश्न: पावसाळ्यात माझे कुरळे केस फुलून येतात. प्रथिने वाढवावीत का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: नाही. कोकणातल्या दमट हवेत केस पाणी शोषतो आणि त्यातील हायड्रोजन बंध, म्हणजे केसाचा आकार धरून ठेवणारे पण पाण्याने सुटणारे दुवे, सुटून नव्याने जुळल्यामुळे वळण बिघडते; प्रथिन कमी पडल्याचे ते लक्षण नव्हे. घटकांच्या यादीत ग्लिसरीन अगदी वर असलेले क्रीम या दिवसांत टाळावे, कारण ते हवेतील ओल ओढून घेते. ओल्या केसांना जवसाचे जेल लावावे आणि पूर्ण वाळेपर्यंत केसांना हात लावू नये.