मैदानावरचं मेडिकल

कोल्हापूरहून एका विद्यार्थिनीनं लिहिलंय: “मी बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. राजारामपुरीत आमचं मेडिकल आहे. शहराबाहेरच्या माळावर दोन दिवसांचा संगीत महोत्सव ठरतोय, आयोजकांत माझी मैत्रीण आहे. तिथं तात्पुरतं मेडिकल टाकावं असं मनात आहे. पुढं हेच करिअर होईल का? बाबा म्हणतात, तंबूत बसून गोळ्या विकायला शिकवलं का तुला? आणि २०१९ च्या पुरात छावणीत औषधांची खोकी घेऊन तेच जात होते.”

तुझं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्याकडे येतेच, पण आधी अडचणीचं बोलू.

औषधविक्रीचा परवाना ठरावीक जागेपुरता असतो. राजारामपुरीतल्या दुकानाचा परवाना माळावर चालत नाही. बाबांचा माल तिथं टेबलावर मांडून विकलास, तर भोगावं लागेल त्यांच्या दुकानाला. शिवाय तू अजून नोंदणीकृत फार्मासिस्ट नाहीस. पदवीनंतर महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नाव लागेल. तोवर चिठ्ठीवरचं औषध तू आपल्या जबाबदारीवर देऊ शकत नाहीस.

म्हणून या वर्षी विक्रीचा विचार सोड आणि महोत्सवाच्या वैद्यकीय कक्षात काम माग. नोंदणीकृत डॉक्टरांनी स्वतः तपासलेल्या रुग्णाला औषध देण्याची कायद्यात अटींवर सोय आहे. औषधं त्यांच्या अखत्यारीत राहतील, कक्षावर एक नोंदणीकृत फार्मासिस्ट असेल, आणि त्याच्या हाताखाली साठा तू सांभाळशील. आयोजकांचं पत्र घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात आधीच जा. मंडप उभा राहिल्यावर जाऊन उपयोग नाही.

इंग्लंडमध्ये सॉमरसेटच्या शेतांत ग्लास्टनबरी महोत्सव भरतो, दोन लाखांच्या आसपास माणसं तंबूंत राहतात. तिथल्या वैद्यकीय केंद्रात फार्मासिस्ट असतात. म्हणजे तू मागतेयस ते काम जगात आहे.

आता ते काम कसं असतं ते ऐक. उन्हाळ्यातली दुपार, पत्र्याचा किंवा कापडाचा आडोसा. बहुतेक गोळ्यांना तीस अंशांच्या खालची जागा लागते, न उघडलेल्या इन्सुलिनला दोन ते आठ अंश. कूलबॉक्समध्ये बर्फाला चिकटून राहिलेलं इन्सुलिन गोठतं आणि वाया जातं. दिसायला मात्र ते ठीकच दिसू शकतं. म्हणून सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान दाखवणारा थर्मामीटर हवा, आणि सकाळ, दुपार, रात्र आकडा वहीत हवा. प्रत्येक औषधाचा बॅच नंबर, एक्सपायरी, आलं किती, गेलं किती, उरलं किती. कुलपातल्या औषधांना दोघांच्या सह्या. तापलेला माल परत दुकानाच्या कपाटात जाता कामा नये. वापरलेल्या सुयांना न भोसकणारा पांढरा डबा लागतो, मंडपवाल्याच्या कचऱ्याच्या पिशवीत त्या गेल्या तर सफाई कामगाराच्या हाताला टोचतात.

पण खरी कसोटी समोरच्या माणसाशी बोलण्याची आहे. डोकं दुखतंय म्हणून कुणी आयबुप्रोफेन मागेल. तो दिवसभर उन्हात नाचलाय, लघवीला गेलेला नाही. अशा सुकलेल्या शरीरात ती गोळी मूत्रपिंडाला इजा करू शकते. आधी सावली आणि ओआरएस, आणि पुडी एक लिटरची असेल तर एक लिटरच पाणी, अंदाजानं नाही. कुणाला शिंका आवरत नाहीत, सेटिरिझिन हवी. त्याला विचार, “घरी कसा जाणार?” बाईकवरून रात्री हायवेनं जाणार असेल, तर झोप आणणारी गोळी देण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

नशेचा विषय टाळून चालणार नाही. दारूवर झोपेची गोळी घेतली तर श्वास मंदावतो. एक्स्टसीसारख्या गोळीनं अंग तापतं आणि भरमसाट नुसतं पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. गोंधळलेला, झटके येणारा मुलगा अशा वेळी “फक्त प्यायलाय” म्हणून बाजूला झोपवून चालत नाही, डॉक्टर आणि १०८ दोन्ही बोलवायचे. “काय घेतलंस?” हे तू पोलिसासारखं विचारलंस तर तो खोटं बोलेल, आणि त्या खोट्यावर उपचार ठरेल. रात्री बारा वाजता एखादी मुलगी घाबरत आणीबाणीची गर्भनिरोधक गोळी मागेल. तिला बहात्तर तासांच्या आत आणि जितकी लवकर तितकी चांगली, एवढं हळू आवाजात सांगायचं. उपदेश नको. मला तुझ्याकडून सर्वांत जास्त अपेक्षा इथं आहे.

करिअरचं म्हणशील तर महोत्सवांवर घर चालणार नाही, ते हंगामी काम आहे. पण हीच सवय रुग्णालयाच्या फार्मसीत, सरकारी औषध निर्माण अधिकाऱ्याच्या नोकरीत, आपत्तीत धावणाऱ्या वैद्यकीय संस्थांत लागते. आपल्याकडे तर जोतिबाची चैत्र यात्रा आहे, लाखो माणसं, कडक ऊन. तिथल्या वैद्यकीय मदत केंद्रात आधी दोन दिवस हात लाव.

आणि बाबा. छावणीत माणसं चिठ्ठी पुरात गमावून आली असतील. “बीपीची बारीक पांढरी गोळी” एवढंच सांगणारी म्हातारी समोर असताना त्यांनी काय विचारलं, कुणाला डॉक्टरकडे पाठवलं, ओलं झालेलं कुठलं खोकं फेकून दिलं? हे त्यांना दुकान बंद झाल्यावर विचार, वही घेऊन बस. तंबूतल्या कामाबद्दल तुला शिकवू शकेल असा माणूस घरातच आहे, आणि मला वाटतं, त्यांना हे आजवर कुणी विचारलेलं नसावं.