केमो चालू असताना घरचं कोण बघणार?

कॅन्सरचं ऑपरेशन होऊन केमोला बसलेली बाई माझ्याकडे समुपदेशनाला येते, तेव्हा तिला केस जाण्याची नाहीतर मरणाची भीती खात असणार, असं बाहेरच्यांना वाटतं. ती भीती असतेच. पण जरा बसून, पाणी पिऊन झालं की पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं: "ताई, घरचं कोण बघणार?" खानापूरकडची शेतकरीण असो, निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबलेली असो, नाहीतर टिळकवाडीतली बँकेतून निवृत्त झालेली असो. उपचाराला कोणी बेळगावातच असतं, कोणी हुबळीला जातं, कोणी मिरजेला, कोणी थेट मुंबईला टाटात. परत यायचं ते त्याच ओट्यापाशी.

घरच्यांचं उत्तरही ठरलेलं. "तू आराम कर, आम्ही बघतो." दोन्हीकडची माणसं मनापासून बोलत असतात, तरी आठवड्याभरात घरात धुसफूस सुरू होते. ती का होते, हे वडगावातल्या एका घराची गोष्ट सांगितली की कळेल. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. बाईंना आपण वहिनी म्हणू.

वहिनी पंचेचाळिशीच्या. खाली पॉवरलूम, वर घर. नवरा मागावर, मुलगा इंजिनिअरिंगला, सासूबाई (वहिनी त्यांना आत्याबाई म्हणतात) सत्तरी ओलांडलेल्या. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, काखेतल्या गाठीही काढलेल्या, आणि दर 21 दिवसांनी केमो. दुसऱ्या केमोनंतर एकदा पहाटे मोरीत भांडी घासताना चक्कर येऊन पडल्या, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं.

नवऱ्याने बसता बसताच सुरुवात केली. "मॅडम, आम्ही हिला काडी उचलू देत नाही बघा. सगळं मीच करूलोय. तरी ही रात्रीची उठून भांडी घासते. तुम्हीच सांगा आता."

त्यांना जरा बाहेर बसवलं.

"भांडी घासलेली नव्हती का?"

"होती की. पण तेलकट. बोट लावलं की कळतंय."

"मग सकाळी सांगायचं."

"सांगितलं की म्हणणार, तू पड. काहीही सांगा, तू पड! मोहरीच्या डब्यात चहापूड भरून ठेवली पोरानं. विचारलं तर म्हणतो, आई, तू टेन्शन घेऊ नको. पडून पडून मी पाहुणी झाले काय माझ्याच घरात?"

इथे श्वासाचे व्यायाम शिकवून, मन शांत ठेवा म्हणून त्यांना घरी पाठवता आलं असतं. व्यायाम मी शिकवते, पण नंतर. एका माणसाच्या डोक्यात शिरण्याआधी मी घराची घडी बघते. आजार एकाला होतो, पण कोणी काय करायचं आणि कोणाचं चालायचं, हे सगळ्या घराचं बिघडतं. एकट्या पेशंटला समजावून घरी पाठवलं की घर तिला चार दिवसांत पुन्हा पहिल्यासारखी करतं. म्हणून पुढच्या भेटीला सगळ्यांनाच बोलावलं. सासूबाईंनाही, हे विशेष. त्यांना कोणी बोलावेल असं त्या घरात कोणाच्या मनातही नव्हतं.

नवऱ्याला कोरा कागद दिला आणि घरातली कामं लिहायला सांगितलं. स्वयंपाक, भांडी, धुणं, केर. चार ओळी लिहून त्यांनी पेन खाली ठेवलं.

मी वहिनींकडे वळले. "स्वयंपाकाच्या आधी काय असतं?"

"भाजी निवडायची, चिरायची."

"त्याच्या आधी?"

"काय करायचं ते ठरवायचं. आत्याबाईंना वांगं चालत नाही, ह्यांना सकाळी भात नको. पीठ दोन दिवसांवर आलं की गिरणीत टाकायचं. सिलेंडर कधी लावला ते लक्षात ठेवायचं. पाणी कुठल्या दिवशी येणार ते बघून पिंपं रिकामी करायची. आत्याबाईंची बीपीची गोळी. भिशीचा हप्ता. शेजारच्या लक्कव्वाचं पातेलं आपल्याकडे आहे, ते द्यायचंय…"

मुलगा लिहीत होता. कागद उलटवून पाठीमागे लिहायला लागला. नवरा आधी हसत होता, मग हसायचा थांबला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "हे आम्हाला दिसलंच नाही की."

अशा क्षणी बोलायचा मोह फार होतो. मी गप्प राहिले, आणि त्याचं फळ मिळालं. कारण पुढचं बोलल्या त्या सासूबाई. "मी भाकऱ्या बडवते म्हटलं तर ही म्हणते, तुम्ही बसा. सून आजारी आणि मी बसून खातेय, गल्लीत काय म्हणतील? मला बसून भाकरी करता येते. कट्ट्यावर शेगडी आली तेव्हापासून मला कोणी विचारलंच नाही."

वहिनी सासूकडे बघतच राहिल्या. एकीला काम सुटल्याचं दुःख, दुसरीचं काम तिच्याही आधी सुटलेलं. दोघी एकाच घरात, आणि एकमेकींना 'तुम्ही बसा' म्हणणाऱ्या.

त्या दिवशी मला जे उमगलं, त्यावर पुढची किती तरी घरं मी सावरली आहेत, हे सांगायला संकोच नाही. घरच्यांनी वहिनींच्या हातातलं काम काढून घेतलं होतं. डोक्यातलं काम कोणी घेतलंच नव्हतं, ते तसंच चालू होतं. आणि त्यांचा शब्द मात्र घरातून उठला होता. म्हणजे कष्ट राहिले, मान गेला. आराम करायला सांगताना आपण नेमकं हेच उलटं करतो. कष्ट घ्यावेत आणि शब्द तिचाच ठेवावा.

मग कागद घेऊन बसलो. सिलेंडर, वीजबिल, गिरणी, गोळ्या ही आठवण ठेवण्याची कामं मुलाकडे गेली, मोबाइलच्या अलार्मवर. भाकरी सासूबाईंकडे, शेगडी खाली मांडून. वहिनींनी स्वतःकडे काय ठेवायचं, ते त्यांनीच ठरवलं: रोज काय शिजायचं, आणि वर्षाची चटणी. भांड्यांवर वाद झाला. शेवटी नवऱ्याने गरम पाण्याने घासायचं आणि वहिनींनी रात्री तपासायचं नाही, एवढ्यावर मिटलं.

चटणीचं सांगायलाच हवं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वर्षाचं तिखट होतं आणि त्यावरून घराची चव ओळखतात. मिरची भाजण्याचा खाट, म्हणजे ठसक्याचा धूर, केमोच्या पेशंटने घ्यायचा नाही, हे उघड आहे. त्यामुळे वहिनींनी फक्त मापं सांगितली. रंगाला ब्याडगी किती, तिखटाला संकेश्वरी किती, खोबरं कुठपर्यंत भाजायचं. भाजणं जावेच्या घरी, कांडप डंकावर. बशीत आलेली चिमूट बघूनच त्या म्हणाल्या म्हणे, "धने कमी पडलेत." तोंड आलेलं असल्याने चाखताही येत नव्हतं.

आता जे मी प्रत्येक घराला सांगते ते. केमोचा थकवा झोप काढून जात नाही. रात्रभर झोपूनही सकाळी अंग उचलत नाही, त्याला आळस म्हणू नका. उलट दिवसभर अंथरुणात राहिलं तर तो वाढतो. डॉक्टरांची ना नसेल तर रोज थोडं चालणं आणि बसून होणारं हलकं काम चांगलंच. मटार सोलणं, कपड्यांच्या घड्या, हिशेब. दम लागायच्या आधी थांबायचं, लागल्यावर नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर केमोच्या तारखेपासून रोज एक खूण करा, बरा दिवस की वाईट. दोन केमो झाल्या की घराला आपोआप कळतं की हिचे कुठले दिवस पडून राहण्याचे आणि कुठले बरे. बरेच जणींना शेवटचा आठवडा बरा जातो, तेव्हा सगळं उरकून टाकायचा हुरूप येतो. तोच धोक्याचा, पुढचे दोन दिवस त्यात जातात.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताने भरलेली घागर, पिंप, सिलेंडर उचलायचा नाही. शिकवलेले व्यायाम मात्र चुकवायचे नाहीत. हात सांभाळायचा म्हणजे गळ्यात बांधून ठेवायचा नव्हे. त्या हाताला विळीची चीर, चटका, काटा लागू देऊ नका, भांड्यांना हातमोजे घाला. काही औषधांनी बोटांची टोकं बधिर होतात, तवा तापलाय हे उशिरा कळतं. तेव्हा चुलीपाशी दुसऱ्याने उभं राहायचं. फोडणीच्या वासाने उमळून येत असेल तर फोडणीच्या वेळी तिने गच्चीत बसायचं, एवढं सोपं असतं कधी कधी.

केमोनंतर साधारण 48 तास उलटी, लघवी साफ करणाऱ्याने हातमोजे घालावेत, खराब झालेले कपडे वेगळे धुवावेत, संडासात दोनदा पाणी सोडावं. बऱ्याच घरांत हे काम म्हाताऱ्या सासूच्या नाहीतर मुलीच्या वाट्याला येतं आणि त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. आणि ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्री कितीही वाजलेले असोत, दवाखान्यात फोन करायचा.

भेटायला येणारे हा एक वेगळाच उपद्रव. जीव लावून येतात, पण केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात आणि नेमके तेव्हाच कोणी शिंकत येतं. वर त्यांचा चहा. तेही घरकामच. वहिनींच्या घरी ठरलं की भेटीगाठी केमोच्या आधीच्या आठवड्यात. आणि "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्याला "काही नको" म्हणायचं नाही, काम सांगायचं. लक्कव्वाने पातेलं परत घेताना तसं विचारलं, तेव्हा वहिनींनी तिला पाणी येण्याच्या दिवशी मोटर लावायला सांगितलं. ती पुढे सगळ्या केमो संपेपर्यंत लावत होती.

रेडिएशन सुरू झाल्यावर ही घडी पुन्हा बसवावी लागली. ते आठवड्याचे पाच दिवस, आणि थकवा हळूहळू साठत जातो, केमोसारखा चढउतार नाही. या वेळी मला फारसं बोलावं लागलं नाही. मुलानेच नवा कागद करून आणला होता. त्यावर वडिलांच्या नावापुढे 'भाकरी शिकणे' असं लिहिलं होतं आणि सासूबाईंनी ते खोडायला लावलं होतं.